उठण्याची अट

भागाबाई नुसत्या गमतीनं खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना.

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या मैदानावर ऊन नुकतं पसरायला लागलं होतं. कॉलेजच्या पोरी खो-खोचा सराव करत होत्या. त्यांतली एक थंडीला भिऊन आली नव्हती, म्हणून पाटीतला एक चौकोन रिकामा होता. रोजच्या फेरीला निघालेल्या तिघी म्हाताऱ्या कडेला उभ्या राहून बघत होत्या, आणि झुंबरबाईंना गप्प राहवलं नाही. "बठ वो भागा. पाहू दे तुनी बैठक." जन्मभर मुलींच्या शाळेत खेळ शिकवलेल्या आणि पंच म्हणून सगळ्या खानदेशातल्या मैदानांवर शिट्टी फुंकलेल्या बाईला असं डिवचलं तर ती कशाला मागं राहील? भागाबाईंनी ओढणी कमरेला खोचली आणि चौकोनात बसल्या. भार पंजांवर, टाचा उचललेल्या, नजर समोर. बसण्यात काही खोट नव्हती. पोरींनी टाळ्याही वाजवल्या. मग मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवून "खो" म्हणालं. वरून पायांना हुकूम सुटला, पण पाय जागचे हलले नाहीत. गुडघ्यात काहीतरी करकरलं, तोल पुढे गेला आणि भागाबाई दोन्ही हात मातीत टेकून, नमाजाला वाकल्यासारख्या तशाच राहिल्या. एका बाजूनं यास्मिननं काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं झुंबरबाईंनी, आणि पोतं उचलावं तसं दोघींनी त्यांना उभं केलं. झुंबरबाई हसल्या, यास्मिन हसली, पोरी ओठ दाबून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं भागाबाई हसल्या, कारण त्या क्षणी आपण काय हरलो आहोत, हे तिथे त्यांना एकटीलाच ठाऊक होतं.

दिवाळीत स्नेहल आली होती. पुण्याला असते, एकुलती एक लेक. वडील गेल्यापासून तिचा एकच धोशा: आई, आता पुरे झालं एकटीनं राहणं, चल माझ्याकडे. त्या खेपेला शेजारच्या एक आजी न्हाणीघरात पडल्या होत्या आणि दुपारपर्यंत कुणाला कळलं नव्हतं, त्यामुळे स्नेहलचं बोलणं नुसत्या आग्रहाचं राहिलं नव्हतं. तिचे डोळे भरले होते. भागाबाईंना लेकीचं रडणं सोसत नाही. अशा वेळी त्या फुशारकीवर जातात. स्वयंपाकघराच्या मधोमध त्या उकिडव्या बसल्या, हात न टेकता ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "हे बघितलंस? ज्या दिवशी मला असं उठता येणार नाही ना, त्या दिवशी तू न सांगता बॅग भरीन." स्नेहलनं डोळे पुसले. लेक कुणाची? तिनं लगेच विचारलं, "शब्द?" आणि भागाबाई म्हणाल्या, "शब्द."

जीभ ती, तिला हाड नसतं. आता मैदानावरून घराकडे चालताना त्यांना ते सगळं बोलणं जसंच्या तसं ऐकू येत होतं. दोन्ही बाजूंना दोघी चालत होत्या आणि नेहमीसारखा वाद चालू होता. यास्मिन उर्दू शाळेतून निवृत्त झालेली, घरी पेटी वाजवणारी, कानाला फोन लावून क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकणारी. तिचं म्हणणं, मराठीत थंडी 'वाजते' हे तिला अजून पटलेलं नाही. "आमच्यात थंडी लगती है. लागते, झोंबते, ठीक आहे. तुमची वाजते. भागाबाई, मला सांगा, वाजते तर कुठल्या सुरात वाजते?" झुंबरबाई म्हणाल्या, दात वाजतात त्या सुरात. यास्मिन म्हणाली, मग ते तालात आलं, सुरात नाही. झुंबरबाईंच्या ओव्या कुठल्या तरी रागात बसतात असा यास्मिनला जुना संशय आहे आणि गेले दोन हिवाळे ती त्या पेटीवर पकडायला बघते आहे. "मना राग नाकवर शे," झुंबरबाईंनी तिला झटकून टाकलं, "त्याले पेटीमा कसाले कोंडस?" भागाबाई एरवी या वादात पंच असत. आज त्या नुसतं हं हं करत राहिल्या. गुडघा चालताना काही बोलत नव्हता. चालायला तो तयारच होता. वैऱ्यानं नेमकी तेवढी एकच गोष्ट काढून घेतली होती जिच्यावर त्यांनी पैज लावली होती.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं आणि पुन्हा बसून पाहिलं. नाही. खिडकीचा गज धरून उठता आलं, तेही तोंडातून आवाज काढत. बैठकीच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ते शांत बसलेले होते आणि त्यांना उठायची काहीच घाई नव्हती. भागाबाईंना त्यांचा थोडा हेवा वाटला, मग स्वतःचाच राग आला, आणि मग त्यांनी ठरवलं. जानेवारीत भरीत व्हायचं होतं. दर हिवाळ्याला झुंबरबाईंचा ललित यावलजवळच्या मळ्यात साऱ्या गल्लीला भरताला बोलावतो, आणि यंदा स्नेहलही येणार होती. तोवर पाय सरळ करायचे. या पायांनी याहून अवघड कामं केली होती. त्यांना शिकवायचं कसं हे भागाबाईंना नाही माहीत तर कुणाला माहीत? डॉक्टरांकडे त्या गेल्या, कारण अडाणी नव्हत्या. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवलं की हाडांच्या मधली गादी झिजली आहे, जमिनीवर बसणं बंद करा, पुढेमागे गुडघा बदलावा लागेल, व्यायाम करायचा तर खुर्चीत बसून पाय उचला. त्यांनी खुर्चीत बसून पाय उचलले. उरलेल्या वेळात जमिनीवर बसून उठण्याचा सरावही चालू ठेवला, हे डॉक्टरांना सांगायचं काही कारण नव्हतं.

तो हिवाळा तसा चांगला पडला होता. सकाळी मेहरूणच्या तळ्यावर धुकं असायचं आणि पाण्याच्या काठानं धोबी पक्षी शेपटी वरखाली करत फिरायचे. भागाबाई त्यांचे पाय बघायच्या. कसले ते पाय, काडीएवढे, गुडघा मागं वळलेला, आणि तरी थांबले की थांबले, उडाले की उडाले. झुंबरबाई पदरात बोरं घेऊन कट्ट्यावर बसायच्या. मेहरूणची बोरं खायची तर बसून खायची, बिया लांब थुंकायच्या, कुणाची लांब जाते ते बघायचं, हा त्यांचा हिवाळी क्रीडामहोत्सव. यास्मिन या खेळाचंही वर्णन करायची, ही बी सीमारेषेच्या दिशेनं, आणि चौकार. भागाबाई मात्र आता उभ्यानं बोरं खात होत्या. कट्टा बुटका होता. "उभी काबर खास?" झुंबरबाईंनी विचारलं. "पचतात," भागाबाई म्हणाल्या. झुंबरबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग मूठभर बोरं उभ्या मैत्रिणीच्या हातात दिली. भागाबाईंना सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं की ते खरं होईल, आणि खरं झालं की बॅग भरावी लागेल. त्यांनी बी थुंकली. ती जवळच पडली.

झुंबर. एकेकाळी या बाईला खानदेशात कुणी हात लावू शकत नव्हतं. भागाबाई जळगावकडून खेळायच्या आणि झुंबर धुळ्याकडून, आणि अंतिम सामना धुळ्याला होता, असाच जानेवारी, असंच ऊन, की अंगाला लागतं पण आत शिरत नाही. झुंबर पळतीला उतरली की पाटीतून नागमोडी जायची आणि खांबाशी अशी वळायची की मागचीचा हात हवेत राहायचा. भागाबाई चौकोनात बसलेल्या असायच्या, समोरून ती वेणी जाताना दिसायची, आणि सगळं शरीर पाठीवरच्या एका जागेत गोळा व्हायचं. कधी पडतो हात. कधी येतो शब्द. पुढे त्यांनी मुलींना हेच शिकवलं की बसलेली खेळाडू विश्रांती घेत नसते. तिचं उठणं बसतानाच सुरू झालेलं असतं. त्या सामन्यात त्यांना तीनदा चारदा तरी खो मिळाला असेल, आणि झुंबर एकदाही मिळाली नाही. धुळं जिंकलं. वर्षं गेली, लग्नं झाली, झुंबर यावलला दिली, तिथून मुलाच्या शाळेपायी पिंप्राळ्यात आली, आणि एका संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी एक जाडशी बाई सायकल चुकवायला म्हणून कमरेतून वळली. भागाबाईंनी हातातली मेथी गाडीवर टाकली. "तू धुळ्याची झुंबर." "आणि तू ती बठेल पोर," झुंबर म्हणाली. तिला भागाबाईंचं नाव आठवत नव्हतं, बैठक आठवत होती.

अशा माणसांना सोडून जायचं, म्हणजे कुठे? पुण्याचा फ्लॅट वाईट नव्हता. उगाच कशाला खोटं बोला. मागच्या पावसाळ्यात त्या महिनाभर राहून आल्या होत्या. जावई भला, स्नेहल तळहातावर जपत होती, लिफ्टमध्ये आरसा होता आणि खाली बागेत बाकं. पण तिथे सगळे त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. कुणी मध्ये तोडत नव्हतं, कुणी म्हणत नव्हतं की झालं का तुझं पुराण. त्या एक वाक्य सुरू करायच्या आणि ते पूर्ण होईपर्यंत सगळे नम्रपणे थांबायचे, आणि पूर्ण झालं की "हो का" म्हणून परत आपापल्या कामाला लागायचे. इथे त्यांचं एक वाक्य धड पूर्ण होत नाही. झुंबर अर्ध्यातून उचलते आणि धुळ्याला नेते, यास्मिन ते तिसऱ्याच गावाला पोचवते. महिनाभरात भागाबाईंची जीभ जड झाली होती. जळगावला गाडीतून उतरल्यावर रिक्षावाल्याशी भांडल्या तेव्हा कुठे बरं वाटलं.

म्हणून त्या रोज दुपारी गच्चीवर जायच्या, गुडघ्यांना तेल लावून उन्हात बसायच्या, आणि अंग तापलं की सरावाला लागायच्या. आधी गज धरून. मग स्टूल धरून. मग एक हात जमिनीला. घाम यायचा, थंडीच्या दिवसांत. कधी डोळ्यांत पाणीही यायचं आणि त्या स्वतःला दटावायच्या, ज्या आवाजात वर्गातल्या आळशी पोरींना दटावायच्या त्याच आवाजात. "ऊठ. कारणं सांगू नकोस. ऊठ." पायांना समजावून पाहिलं, शिव्याही देऊन पाहिल्या. रात्री अंथरुणात गुडघे ठणकायचे आणि मनात एकच जुना सामना यायचा, खेळाडू म्हणून नव्हे, पंच म्हणून शेवटी शेवटी केलेला. पुन्हा धुळंच. शेवटची मिनिटं, जळगावची पोर धुळ्याच्या पोरीला बाद करते, आणि भागाबाईंना दिसतं की हिचा पाय पाटी ओलांडून पलीकडे पडला होता. त्यांनी शिट्टी मारली. आपल्याच जिल्ह्याविरुद्ध. सामना गेला. आपलीच माणसं अंगावर धावून आली, कुणी हात जोडले, कुणी काय काय बोललं, सगळ्यांचं मागणं एकच, निर्णय फिरवा बाई. बाईंनी फिरवला नाही. परतीच्या एसटीत त्यांच्या शेजारची जागा जळगावपर्यंत रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेचा त्यांना आजही अभिमान होता. दिला शब्द तो दिला. आता तोच शब्द उशाशी येऊन बसला होता आणि त्यांना झोपू देत नव्हता.

भरताच्या दोनच दिवस आधी, गच्चीवर, त्या हात न टेकता उठल्या. एकदाच. कसं जमलं ते त्यांनाही कळलं नाही. बसल्या, श्वास घेतला आणि उभ्या होत्या. पलीकडच्या गच्चीवर कुणी वाळवण राखत बसलं असतं तर त्याला दिसलं असतं की एक म्हातारी एकटीच दोन्ही हात वर करून उभी आहे. दुसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम करून पाहिलं नाही. झालं ते झालं. स्नेहल शनिवारी रात्री आली, आल्या आल्या आईच्या चालण्याकडे बघितलं, आणि आईनं तिच्यापुढे मुद्दाम जरा जलदच चहा आणला.

मळ्यात थंडीनं केळीची पानं कडांना पिवळी पडली होती. केळी थंडीपासून वाचवायला ललित रात्रभर बांधावर ओला पाला जाळून धूर करत होता, त्याचे डोळे लाल झाले होते, तरी पाहुणे आले तसा हसत सामोरा आला. उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसत होता. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी काळी पडून फुटत होती, बाया ती सोलून लाकडी बडगीत ठेचत होत्या, आणि लसूण-मिरचीचा वास नाकातून थेट पोटात उतरत होता. कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, वर कच्चं तेल. स्नेहल दोनदा वाढून घेऊन म्हणाली की असं पुण्यात मिळत नाही. भागाबाई पाटाऐवजी केळीच्या खोक्यावर बसून जेवल्या. आपल्यापुढे अजून काम आहे, पोट जड करायचं नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि भरीत कमी घेतलं. कमी भरीत खाणारी खानदेशी बाई बघून झुंबरबाईंनी भुवई उंचावली.

जेवणानंतर खेळाचा विषय निघणारच होता, आणि तो भागाबाईंनीच काढला. त्यांनीच काठीनं मोकळ्या रानात पाटी आखली. गेल्या आठवड्यात भुईमूग काढून झालेलं रान, पाय ठेवला की माती दबायची. जळगाव विरुद्ध धुळं. धुळ्याकडून झुंबरबाई आणि त्यांच्या भावजया पळणार, जळगावकडून गल्लीतल्या बाया बसणार, आणि माणूस कमी पडलं म्हणून स्नेहललाही ओढून बसवली, आईच्या शेजारच्या चौकोनात. खो-खोत शेजारशेजारचे खेळाडू उलट तोंडांनी बसतात. भागाबाईंचं तोंड सातपुड्याकडे, स्नेहलचं गावाकडे. "आई, तू बसू शकतेस ना?" मागून आवाज आला. "माझ्याकडे बघू नकोस, समोर बघ," भागाबाई म्हणाल्या. त्या बसल्या. पंजांवर भार टाकला, आणि पंजे खाली गेले. माती मऊ होती. सराव सगळा गच्चीच्या फरशीवर झाला होता. जन्मभर मैदानं तपासत आलेल्या बाईनं आजच्या मैदानाला हात लावून पाहिलं नव्हतं.

यास्मिन पाठलागाला होती. क्रिकेटपलीकडे तिनं आयुष्यात काही खेळलेलं नव्हतं, आणि झुंबरबाई तिच्यापुढून, सत्तरीला आल्या तरी, डौलात निघून जात होत्या. हसण्यानं दोघींनाही पळवत नव्हतं. धापा टाकत यास्मिन भागाबाईंच्या मागे आली, तिचा हात पाठीवर पडला. "खो!"

पायांना हुकूम सुटला. भागाबाईंनी सगळं लावलं, सगळा महिना, सगळं तेल, सगळ्या शिव्या. गुडघे अर्ध्यावर आले, पंजे आणखी खचले, आणि त्या परत खाली बसल्या. यास्मिनला वाटलं ऐकू गेलं नाही. ती पाठीवर हात ठेवून तिथेच उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "खो. भागाबाई, खो दिला ना मी. खो!" बाया हसत होत्या. मग एकेकीचं हसू कमी झालं. समोर झुंबरबाई पळता पळता थांबल्या होत्या. त्यांनी एकदा भागाबाईंच्या पायांकडे पाहिलं, आणि ज्या बाईला कुणाचा हात लागला नाही ती बाई चालत परत आली आणि हात पोचेल इतक्या जवळ येऊन उभी राहिली. "मार वो माले," त्या हळूच म्हणाल्या. "मी आठेच उभी शे."

भागाबाईंनी हात उचलला असता तर लागला असता. "बसून मारलं तर फाउल होतो, झुंबर," त्या म्हणाल्या. आणि तेव्हा, मातीत टाचा रुतवून बसल्या बसल्या, त्यांना आपला सगळा महिना स्पष्ट दिसला. मी कशासाठी झगडत होते? उठता यावं म्हणून नव्हे. इथे राहता यावं म्हणून. आणि इथे राहण्याचा निर्णय गुडघ्यांच्या हाती देऊन कोण आलं होतं? मीच. कुणी मागितला नव्हता. लेक रडत होती, तिला माया दाखवायची तिथे मी फुशारकी दाखवली.

"स्नेहल," त्या म्हणाल्या. आवाज मैदानावरचा निघाला, सगळ्यांना ऐकू जाणारा. शेजारच्या चौकोनातून लेकीनं मान वळवली. "मला उठता येत नाही. महिना झाला. आज तुला उठून दाखवणार होते, ते जमलं नाही."

"मग आई..." स्नेहलच्या डोळ्यांत परत तेच पाणी आलं. "मग आता..."

"आता काही नाही. मी पुण्याला येत नाही."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते." हे दोन शब्द उच्चारताना भागाबाईंना वाटलं होतं की आतून काहीतरी तुटेल. काहीच तुटलं नाही. "आयुष्यात एक निर्णय फिरवला नाही मी. हा फिरवते, कारण हा चुकीचा होता. गुडघा बदलायचा तर बदलू. इथेच बदलू. न्हाणीघरात धरायला दांडी लाव, घराची किल्ली यास्मिनकडे ठेव, रोज सकाळी फोन कर, नाही उचलला तर झुंबरला कर. तू सांगशील ते सगळं ऐकते. जाण्याचं तेवढं ऐकणार नाही."

"आणि ऑपरेशननंतर बघणार कोण तुझ्याकडे? मला इतकी रजा नाही मिळत, आई!" स्नेहल आता रागावली होती, आणि भागाबाईंना ते रडण्यापेक्षा खूपच बरं वाटलं.

"आम्ही काय मरी गऊत का?" झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. यास्मिन म्हणाली की रात्रीची झोपायला ती येईल, पेटी घेऊन येईल, आणि रोग्याला पळून जाता येत नसल्यामुळे तिची सगळी गाणी ऐकावी लागतील. कुणीतरी हसलं. स्नेहल हसली नाही. मग नाक ओढून म्हणाली, "डॉक्टरांना मी स्वतः भेटणार. उद्याच. आणि तू त्यांच्याशी खोटं बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार. आता आधी मला उठव."

हे वाक्य भागाबाईंनी कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, कधी म्हटलं नव्हतं. स्नेहल आली. तिनं काखेत हात घातले, यास्मिननं एक दंड धरला आणि विरुद्ध संघाच्या झुंबरबाईंनी दुसरा. भागाबाई उभ्या राहिल्या. गुडघे थरथरत होते, ते त्यांनी थरथरू दिले. मग कपड्यांची माती झटकून त्यांनी सगळीकडे पाहिलं. "खेळ कुणी थांबवलाय? मला खो मिळाला आहे. यास्मिन, माझ्या जागेवर बस. स्नेहल, तू तुझ्या चौकोनात. झुंबर, पळ."

"अजून खेळायचं?" स्नेहल म्हणाली.

"बस म्हटलं ना."

ती बसली, गावाकडे तोंड करून. झुंबरबाई चार पावलं पळून वळून बघत उभ्या राहिल्या. भागाबाई एक एक पाऊल टाकत लेकीच्या मागे आल्या, आणि साऱ्या मळ्याला ऐकू जाईल असा त्यांनी खो दिला. स्नेहल दचकून उठली, गोंधळली, आणि झुंबरबाईंच्या मागे सरळ पाटी ओलांडून पलीकडे धावत सुटली.

"फाउल!" भागाबाई ओरडल्या. "पाटी ओलांडलीस. परत ये."

"अगं आई, पहिल्यांदा खेळतेय मी!"

"मग शीक," भागाबाई म्हणाल्या. "मी कुठे जात नाहीये."